पराभूतांची साक्ष आणि वाचकाचे उत्तरदायित्व

इतिहास जेते लिहितात, हे विधान समीक्षाव्यवहारात इतके रुळले आहे की, पराभूतांची म्हणून एखादी संहिता पुढे आली की तिची सत्यता तपासणे हेच अन्यायाचे वाटू लागते. ज्याने सोसले त्याची उलटतपासणी करण्याचा अधिकार वाचकाला आहे काय, हा प्रश्न केवळ संहितामीमांसेचा नसून नैतिक आहे. अ‍ॅझ्टेक संस्कृतीच्या अंताची कथा त्याचा विचार करण्यास विशेष उपयुक्त ठरते.

या कथेचा एक प्रमुख आधार म्हणजे ‘फ्लॉरेन्टाइन कोडेक्स’. बेर्नार्दिनो दे साहागून या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने नाहुआ विद्वानांच्या साहाय्याने सिद्ध केलेला हा बारा खंडांचा ग्रंथ १५७७ च्या सुमारास पूर्ण झाला. त्याच्या पानावर एका स्तंभात नाहुआत्ल मजकूर आहे आणि दुसऱ्यात स्पॅनिश; स्पॅनिश मजकूर जेथे आखूड पडतो तेथे बहुधा चित्रे येतात. बाराव्या खंडात तेनोच्तित्लानच्या पाडावाची हकिकत आहे. उपासमार, देवीची साथ आणि प्रेतांनी भरलेले रस्ते यांचे त्यातील वर्णन वाचताना जेत्यांच्या धर्मगुरूच्या देखरेखीखाली ही संहिता घडली, याचा विसर पडतो.

परंतु देखरेख ही एकच अडचण नाही. बाराव्या खंडातील मोक्तेसुमा भेदरलेला, निर्णयशून्य राजा आहे; परकीयांना तो देव समजतो आणि आठ अपशकुनांनी खचतो. कोर्तेसने १५२० मध्ये आपल्या सम्राटाला लिहिलेल्या पत्रात मात्र, आपणांस केत्साल्कोआत्ल हा देव मानले गेल्याचा उल्लेख नाही. ही आख्यायिका पुढील दशकांत आकाराला आली. अपशकुनांचे ग्रीक-लॅटिन ग्रंथांतील शकुनांशी असलेले साम्यही अभ्यासकांनी दाखविले आहे. साहागूनचे सहकारी त्लातेलोल्को येथील १५३६ मध्ये स्थापन झालेल्या विद्यालयात लॅटिन शिकलेले होते, आणि पाडावाची हकिकतही मुख्यतः त्लातेलोल्कोच्याच माणसांनी सांगितली आहे. हे नगर तेनोच्तित्लानने १४७३ मध्ये जिंकून अंकित केले होते. पराभवाचे खापर मोक्तेसुमाच्या माथी फोडण्यात जुना सल नव्हता असे कसे म्हणावे? पराभूतांतही जेते आणि जित होते.

त्स्वेतान तोदोरोव्हने १९८२ मध्ये या विजयाची मीमांसा चिन्हव्यवहाराच्या अंगाने केली. त्याने हा ग्रंथ स्पॅनिशांनी कुत्र्यांपुढे टाकलेल्या एका माया स्त्रीच्या स्मृतीस अर्पण केला आहे; त्यामागील नैतिक कळकळ निःसंशय आहे. शकुन मागाहून रचले गेले असावेत, हे तो मान्य करतो. तरी ते रचण्यामागील मनोवृत्तीतच पराभवाचे एक कारण शोधतो. येथे त्याची गल्लत होते. मागाहून रचलेले शकुन ही दुःखाला अर्थ देण्याची धडपड असते. पराभवाचे कारण म्हणून ते पुढे करता येत नाहीत. पोलादी शस्त्रे, घोडे, १५२० ची देवीची साथ आणि त्लाश्कालासारख्या वैरी राज्यांचे प्रचंड सैन्यबळ ही कारणे पुरेशी बोलकी आहेत.

हे वैर कोठून आले? परंपरेनुसार १३२५ मध्ये सरोवरातील बेटावर वसलेल्या मेशिका लोकांनी १४२८ मध्ये आझ्कापोत्साल्कोची सत्ता मोडली आणि तेश्कोको व त्लाकोपान यांच्याशी युती करून खंडणीवर आधारलेले साम्राज्य उभारले. त्या वेळच्या इत्झकोआत्ल राजाने जुने चित्रित इतिहासग्रंथ जाळविले, ही नोंद कोडेक्सच्याच दहाव्या खंडात आहे. स्पॅनिशांच्या होळ्या पेटण्यापूर्वीच भूतकाळ एकदा जाळून झाला होता.

नरबळीचा प्रश्न या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. विजेत्यांनी त्याचा उपयोग आपल्या क्रौर्याच्या समर्थनासाठी केला. १४८७ च्या मंदिरसोहळ्यात ८०,४०० बळी दिल्याचा आकडा आज ग्राह्य धरला जात नाही. याउलट, सूर्याचे ऋण रक्ताने फेडणाऱ्या विश्वदृष्टीचा तो अविभाज्य भाग होता, असे सांगून निर्णय टाळण्याकडे आधुनिक अभ्यासकाचा कल असतो. परंतु ही विश्वदृष्टी सुरा धरणाऱ्याची होती तेवढीच दगडावर आडव्या पाडलेल्या कैद्याचीही होती, हे कशावरून? मेक्सिको सिटीत २०१५ मध्ये सापडलेल्या कवट्यांच्या मनोऱ्यातून २०२० पर्यंत सहाशेहून अधिक कवट्या उजेडात आल्या. त्यांत स्त्रिया आणि मुलेही आहेत. कोडेक्सच्या दोन्ही स्तंभांत त्यांचा स्वतःचा शब्द नाही. त्लाश्कालाही बळी देत असे, म्हणून तिला निर्दोष ठरविता येत नाही; पण मेशिकांविरुद्धचा निवाडा बाहेरूनच आला असेही म्हणता येत नाही.

सांस्कृतिक सापेक्षतावादाची उणीव येथे उघडी पडते: एका संस्कृतीला एकच आवाज असतो, असे तो गृहीत धरतो. कोर्तेसच्या सैन्याने १५१९ मध्ये चोलुला येथे केलेले हत्याकांड आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी पडलेल्या नगराचे हाल यांचा दोष नरबळीमुळे तसूभरही कमी होत नाही. तसेच त्या पाडावामुळे कवट्यांचा प्रश्नही मिटत नाही. साक्षीदार चुकू शकतो, लपवू शकतो, जुना राग काढू शकतो, हे मान्य करणे म्हणजे त्याला माणूस मानणे होय. त्याची उलटतपासणी करण्याचा अधिकार वाचकाला आहे; मात्र ज्यांची साक्ष कोणीच नोंदविली नाही, त्यांच्या वतीने ती करणे हे त्याचे उत्तरदायित्व आहे.