सिंहाचे छायाचित्र आणि पुसलेली जाळी



आमच्या विहारात नियमाने येणाऱ्या एका वृद्ध उपासकांच्या घरी सिंहाचे एक मोठे छायाचित्र भिंतीवर लागले आहे. त्यांचा नातू इंग्लंडमध्ये नोकरीला असतो. त्याने ते स्वतः काढले आणि चौकटीत बसवून आणले. तथागतांच्या देशनेला सिंहनाद म्हणतात, सम्राट अशोकाने सारनाथच्या स्तंभावर सिंहच बसविले, तेव्हा बौद्धाच्या घरात सिंह शोभेल, असा त्याचा विचार. गवतात बसलेला सिंह, उन्हात उजळलेली आयाळ आणि समोर रोखलेली नजर. आल्यागेल्याने वाहवा केली. आजोबांनी मात्र चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "बाळ, हा कोणत्या रानातला?"

"रानातला नाही, आजोबा. केंट परगण्यात वाघ-सिंहांसाठी एक आश्रयस्थान आहे, तिथला. जाळीच्या आत असतो."

"मग जाळी कुठे आहे?"

नातवाने हौसेने युक्ती सांगितली. लांब पल्ल्याची लेन्स जाळीच्या अगदी जवळ धरायची, तिचे तोंड पूर्ण उघडे ठेवायचे, सिंह जाळीपासून दूर जाईपर्यंत थांबायचे आणि नेम त्याच्या डोळ्यांवर धरायचा. मग जवळची तार इतकी अस्पष्ट होते की चित्रात ती उरतच नाही. तारेवर ऊन पडले तर धुरकट पडदा येतो, म्हणून सावलीतली जागा निवडायची.

"आणि याचे नाव काय? हा तिथे कसा आला?"

"ते विचारायचे राहिले."

"म्हणजे जाळी पुसलीस, तशी त्याची हकीकतही पुसलीस," आजोबा म्हणाले.

हा संवाद कानावर आल्यापासून आम्ही या प्रश्नाचा विचार करीत आहोत. बंदिस्त प्राण्याचे छायाचित्र काढण्यात दोष आहे काय? आणि असेल तर तो नेमका कोठे आहे?

काही वाचक म्हणतील, हा कसला प्रश्न घेऊन बसलात? चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी मोकळे होते आणि आमच्या आजोबा-पणजोबांना बंद होते. ते पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. आमचेच दुःख अजून पुरते संपलेले नाही, तेथे सिंहाचे दुःख कोणी पाहावे? हा आक्षेप खरा अनुभव बोलतो आणि तो झिडकारून चालणार नाही. परंतु त्या तळ्यावरचा अन्याय जनावरांना पाणी मिळत होते हा नव्हता. माणसाला मिळत नव्हते हा होता. करुणा ही काही मोजून वाटायची शिधा नव्हे, की सिंहाला दिली तर माणसाला कमी पडेल.

आता प्रश्नाकडे वळू. मज्झिम निकायात तथागतांनी राहुलाला केलेला एक उपदेश आहे. खोटे बोलण्याविषयीचा हा उपदेश भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावा, असे अशोकाने आपल्या भाब्रू येथील लेखात मुद्दाम नोंदविले आहे. त्यात तथागत राहुलाला विचारतात की आरसा कशासाठी असतो. पाहण्यासाठी, असे राहुल सांगतो. तसेच आपले प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहून घ्यावे, त्याने स्वतःला वा दुसऱ्याला दुःख होते काय हे तपासावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. कॅमेरा हासुद्धा एक आरसाच, फक्त आपण तो नेहमी दुसऱ्याकडे वळवतो. तो थोडा स्वतःकडे वळवून पाहू.

प्रथम, छायाचित्र काढण्यापूर्वी. हा प्राणी येथे का आहे आणि मी देतो तो पैसा कोठे जातो, हे विचारले पाहिजे. केंटच्या त्याच आश्रयस्थानात २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात युना नावाची सिंहीण आणली गेली. ती युक्रेनमधील कीव शहराजवळ बंदिवासात होती. क्षेपणास्त्राचे अवशेष तिच्या पिंजऱ्याजवळ पडले आणि त्या धक्क्याने तिला धड उभेही राहता येईना. २०२५ च्या मार्चमध्ये युक्रेनच्या युद्धातून वाचविलेले आणखी चार सिंह तेथे आले. माणसाच्या हातून खाऊन वाढलेला सिंह सहसा रानात सोडता येत नाही; त्याला शिकार येत नाही आणि माणसाचे भय नसल्याने तो वस्तीकडे येतो. अशा सिंहाला जाळी हा तुरुंग आहे हे खरे, पण तेच त्याला उरलेले एकमेव घर आहे. छायाचित्र काढणाऱ्याच्या शुल्कातून त्याचे मांस, औषध आणि राखणदार यांचा खर्च निघत असेल, तर त्या पैशात दोष पाहण्याचे कारण नाही.

परंतु आश्रयस्थान ही पाटी लावली म्हणजे सर्व ठिकाणे सारखी होत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत सिंहांची पैदास करणारी ठिकाणे शेकड्यांनी आहेत. त्यांपैकी अनेक ठिकाणी बछडे लहानपणीच आईपासून तोडले जातात आणि पर्यटक पैसे देऊन त्यांना बाटलीने दूध पाजत छायाचित्रे काढून घेतात. बछडा अनाथ आहे असे सांगितले की पाहुण्याचे मन विरघळते. तोच बछडा मोठा झाला की कुंपणाच्या आत पैसेवाल्या शिकाऱ्यापुढे उभा केला जातो आणि त्याची हाडे आशियात विकली जातात. हा व्यवसाय थांबवावा अशी शिफारस त्या देशाच्या उच्चस्तरीय समितीने केली आणि २०२१ च्या मे महिन्यात पर्यावरणमंत्र्यांनी ती जाहीरपणे स्वीकारली. उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत सत्तवणिज्जा, म्हणजे जिवंत प्राण्यांचा व्यापार, सांगितला आहे. बछड्याला मांडीवर घेऊन हसणारा पर्यटक तो व्यापार स्वतः करीत नाही, पण त्याचे भांडवल पुरवितो.

दुसरे, छायाचित्र काढताना. सिंह दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेला असतो. त्याने मान वर करावी म्हणून शिट्ट्या मारणे, जाळी वाजविणे, खडे फेकणे हे प्रकार आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयांतही दिसतात. ज्याला उठून दूर जाता येत नाही, त्याला छेडणे ही हिंसाच आहे.

तिसरे, छायाचित्र काढल्यानंतर. येथेच नातवाची चूक झाली आणि येथेच आपल्यापैकी बहुतेकांची होते. तो तोंडाने खोटे बोलला नाही. आजोबांनी विचारताच त्याने खरे सांगितले. पण भिंतीवरचे चित्र मात्र पाहणाऱ्याला सांगत होते की हा वनराज मोकळा आहे. २००९ साली लंडनच्या निसर्गविषयक संग्रहालयाच्या प्रसिद्ध वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचे चित्र सर्वश्रेष्ठ ठरले. तो लांडगा बहुधा शिकवून तयार केलेला आहे, असे परीक्षकांचे मत झाले आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतले गेले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. पण चित्र तेच होते, उडी तीच होती. बदलले ते एवढेच की त्या चित्राच्या खरेपणावरचा विश्वास उडाला. शब्द न उच्चारताही मुसावाद घडू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा लवकर समजली पाहिजे. गावाची सुंदर चित्रे काढणारे पुष्कळ होऊन गेले. पार, देऊळ, मोट, हिरवे शेत, सारे त्यांनी रंगविले. गावकूस तेवढे चित्राबाहेर ठेवले. त्यांच्या चित्रात आपली माणसे आली तरी ती हसतमुख आणि समाधानी आली. त्यांना तेथे कोणी ठेवले हे दिसले नाही. माणसाची पशूशी तुलना आम्ही करीत नाही. तो अपमान आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. आमचे म्हणणे इतकेच की कुंपण पुसणारी ती नजर आपण ओळखतो. मग ती आपल्या हातातल्या कॅमेऱ्यात येऊ देऊ नये.

याचा अर्थ प्रत्येक चित्रात तार दिसलीच पाहिजे असा नाही. सिंहाचा चेहरा नीट दिसावा म्हणून तार टाळणे ही कसबाची बाब आहे. ती टाळली तर सत्य शब्दांत सांगावे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील सफारीत काढलेला सिंह असेल, तर तसे लिहावे; आज भारतात मोकळा सिंह फक्त गुजरातेत, गीर आणि त्याच्या आसपास आहे.

त्या घरी आम्ही नंतर पुन्हा गेलो. चौकटीखाली कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. नातवाने स्वच्छ अक्षरात लिहिले होते, "केंट, इंग्लंड. आश्रयस्थानातील बंदिस्त सिंह." नाव कळविण्याविषयी त्याने तेथे पत्र पाठविले आहे आणि पट्टीवर तेवढी जागा मोकळी ठेवली आहे. आता घरी येणारी मुले चित्र पाहून लगेच विचारतात, "याला बंदिस्त का ठेवले आहे?" आणि आजोबा त्यांना सांगत बसतात.