राजगिऱ्याचं नाव

आज एकादशी, डब्यात राजगिऱ्याचा लाडू. आपला माठही त्याच कुळातला. इंग्रजीत ‘अमॅरँथ’; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ न कोमेजणारं. तुरा वाळला तरी रंग टिकतो ना! (रोप मात्र एकाच हंगामाचं.)

इंझोरीला आजी माठ खुडला की आधी दोन पानं देवापुढे ठेवायची. संध्याकाळी ती मलूल. मी म्हटलं, “आजी, प्लास्टिकची ठेव, टिकतील.” ती नुसती हसली.

गीतेत (९.२६) भगवंत पान, फूल, फळ, पाणी स्वीकारतात. चारांतलं एकही टिकाऊ नाही! अट फक्त भक्तीची.

आजी गेल्यापासून माझी पूजा ‘रिलीज झाल्यावर करू’ म्हणत पेंडिंग. आज कुंडीतलं एक पान ठेवलंय. ऑफिसातून येईपर्यंत सुकेल.