गणित सोडताना

अकरावी विज्ञानाच्या प्रवेशाच्या वेळी विषयांचा रकाना भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. इंग्रजी, दुसरी भाषा, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र इथपर्यंत पेन अडत नाही. त्यापुढे गणित की जीवशास्त्र, या ‘की’पाशी खरा निर्णय असतो आणि तो बहुतेक घरांत दहावीच्या निकालाआधीच झालेला असतो. मुलगी डॉक्टर होणार म्हणून गणित सोडायचे, मुलगा इंजिनियर होणार म्हणून जीवशास्त्र सोडायचे. क्लासवाले याला ‘फोकस’ म्हणतात. सोळाव्या वर्षी केलेल्या या निवडीकडे आपण दोन सारख्या वजनाच्या गोष्टींमधली निवड म्हणून पाहतो. एक घेतली, दुसरी सोडली, हिशेब मिटला. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. जीवशास्त्र सोडणे आणि गणित सोडणे या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. एकीकडे नंतर परत येता येते. दुसरीकडे परतीची वाट फार लवकर बुजते.

हा फरक आपल्या नजरेत भरत नाही, कारण विषय निवडताना आपण विषयाकडे पाहतच नाही, परीक्षेकडे पाहतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचे ७२० गुण असतात. त्यांत जीवशास्त्राचे ३६०, भौतिकशास्त्राचे १८० आणि रसायनशास्त्राचे १८०. गणिताला तिथे जागा नाही, म्हणून ते ‘वाया जाणारा वेळ’ ठरते. राज्याच्या सीईटी या प्रवेशपरीक्षेतही पीसीएम (गणितासह) आणि पीसीबी (जीवशास्त्रासह) असे दोन वेगळे गट आहेत. या सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला वीस टक्के आणि बारावीला ऐंशी टक्के वजन दिले जाते. त्यामुळे जिथे सीईटी हेच लक्ष्य असते तिथे अकरावीचे वर्ष घाईघाईत उरकले जाते. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते उरले, तेव्हा प्रयोगशाळेतले तीस गुण ही औपचारिकता झाली. महाविद्यालय नावापुरते आणि शिकणे क्लासमध्ये, ही ‘इंटिग्रेटेड’ पद्धत इतकी पसरली की २०१८ साली शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. शिक्षणाच्या दोन वर्षांचा आकार असा प्रवेशपरीक्षेने ठरवला, की मुलाने कोणता विषय शिकावा हा प्रश्न विचारायला कुणी शिल्लकच राहत नाही.

मग विषयाकडेच पाहू. गणिताची रचना जिन्यासारखी आहे. त्रिकोणमिती कच्ची असेल तर अवकलन अडते, अवकलन नसेल तर समाकलन येत नाही, आणि समाकलनाशिवाय अवकल समीकरणे म्हणजे नुसती चिन्हे. यातली कोणतीही पायरी वाचून कळत नाही. हात बसावा लागतो आणि हात बसायला वर्षे लागतात. दोन वर्षे सराव सुटला की खालच्या पायऱ्याही डळमळू लागतात. जीवशास्त्र याहून कमी खोल आहे असे मुळीच नव्हे. पण त्याची रचना मोठ्या वाड्यासारखी आहे. त्यात शिरायला अनेक दारे आहेत: पेशीपासून सुरुवात करता येते, परिसंस्थेपासून करता येते, आनुवंशिकीपासूनही करता येते. वनस्पतींचे वर्गीकरण कच्चे राहिले म्हणून चेतासंस्था समजणे अडत नाही. रसायनशास्त्राचा भक्कम पाया असलेला माणूस विशीनंतरही जीवशास्त्रात नीट शिरू शकतो. उलट दिशेने जाणाराला मात्र दहावीच्या पायरीवर परत उतरून यावे लागते, आणि तोवर बरोबरीचे लोक वरच्या मजल्यावर पोहोचलेले असतात.

याचा सर्वांत सरळ पुरावा आपल्याच पाठ्यपुस्तकांत आहे. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात मोजमापनानंतरचे दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. त्यात सदिश आहेत आणि कलनशास्त्राची तोंडओळखही आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की वर्गात गणित सोडलेली मुले बसणार आहेत आणि या साहित्यावाचून पुढची गती, बल, गुरुत्वाकर्षण शिकवता येणार नाहीत. म्हणून गणिताच्या दोन वर्षांतला अत्यावश्यक भाग एका प्रकरणात बांधून दिला. जे मूल शेजारच्या तासाला गणित शिकते आहे त्याला हे प्रकरण उजळणीसारखे जाते. ज्याने गणित सोडले त्याच्यापुढे ते सूत्रांची यादी होऊन येते, आणि तिथून पुढे सगळे भौतिकशास्त्र पाठ करण्याचा विषय बनते. रसायनशास्त्रातही तेच. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा वेग काढताना समाकलन आणि लॉगरिदम लागतात. एवढेच कशाला, एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रातली लोकसंख्यावाढीची दोन्ही प्रारूपे अवकल समीकरणांत मांडलेली आहेत, आणि त्याच पुस्तकातले हार्डी–वाइनबर्ग तत्त्व म्हणजे द्विपदी विस्तार. डॉक्टर व्हायचे म्हणून गणित सोडणारी मुलगी नीटमधल्या भौतिकशास्त्राच्या १८० गुणांसाठी मात्र क्लासमध्ये तेच गणित तुकड्यातुकड्यांनी, कारण न कळता, पाठ करत असते. वेळ वाचावा म्हणून सोडलेला विषय असा वेळ खातो.

आता नियमांकडे पाहू, कारण दार उघडे आहे की बंद हे शेवटी नियमच सांगतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले, की बारावीनंतर जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान अतिरिक्त विषय म्हणून घेऊन उत्तीर्ण होणाऱ्यालाही नीट देता येईल. म्हणजे पीसीएम केलेल्या मुलाला अठराव्या वर्षी वैद्यकाची ओढ वाटली, तर वाट अवघड असली तरी आहे. उलट बाजूलाही एक प्रयत्न झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली चौदा विषयांची यादी देऊन त्यातले कोणतेही तीन घेतलेल्यांना अभियांत्रिकीचे दार उघडण्याचा विचार मांडला आणि गणिताची उणीव ‘ब्रिज कोर्स’ने भरून काढता येईल असे सुचवले. त्यावर मोठा वाद झाला. हेतू चांगला होता, पण काही महिन्यांच्या पुलाने दोन वर्षांचा जिना भरून निघत नाही, हा त्यावरचा आक्षेप मला पटतो. शिवाय गणित सोडलेल्या मुलापुढे वास्तुरचना नाही, संख्याशास्त्र नाही, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नाही, एनडीएतून हवाई दल वा नौदल नाही. २०२४ च्या नीटला तेवीस लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभरात एक लाखाच्या थोड्या वर होत्या. वीस जणांतल्या एकाला जागा मिळाली असे धरले तर उरलेल्या एकोणीस जणांचे काय, हा प्रश्न अकरावीतच विचारायला हवा. त्यांच्यासाठी औषधनिर्माण, कृषी, परिचर्या, आयुर्वेद अशा चांगल्या वाटा आहेत, हे खरे. पण ज्यांना त्या नको आहेत त्यांच्या हातात गणित असते तर निवड किती रुंद झाली असती.

जीवशास्त्रात उशिरा शिरून मोठे काम केलेल्यांची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. कमला सोहोनी, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठातून पदवीधर झाल्या तेव्हा त्यांचा मुख्य विषय रसायनशास्त्र आणि दुय्यम विषय भौतिकशास्त्र होता. पुढे त्यांनी केंब्रिजमधून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली ती बटाट्यातल्या सायटोक्रोम सी या द्रव्यावरच्या, म्हणजे वनस्पतीच्या श्वसनाच्या कामातून. आणि भारतात परतल्यावर डाळी, दूध, नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. वेंकटरामन रामकृष्णन यांनी बडोद्यात भौतिकशास्त्रात पदवी घेतली, अमेरिकेत त्याच विषयात डॉक्टरेट केली आणि त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले. रायबोसोमच्या रचनेसाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. ही असामान्य माणसे होती, त्यांच्यावरून सर्वसामान्य मुलाचा नियम कसा काढणार, असे कुणी विचारील तर ते योग्यच आहे. शिवाय उलट दिशेचे उदाहरणही समोर ठेवता येते. माधव गाडगीळ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र आणि मुंबईत प्राणिशास्त्र शिकले, आणि हार्वर्डमध्ये त्यांनी गणिती परिस्थितिकीत काम केले. म्हणून मी या नावांवर फार भार टाकत नाही. त्यांतून एवढेच घेतो, की जीवशास्त्राच्या टोकाच्या प्रश्नांपाशी पोहोचणाऱ्या माणसाला, तो कोणत्याही दाराने आलेला असो, गणित गाठावेच लागले. गणिती जी. एच. हार्डी यांनी १९०८ साली एका छोट्या पत्रातून दाखवले, की प्रभावी गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या आपोआप वाढत जात नाही. जीवशास्त्रज्ञांना पडलेले कोडे साध्या गुणाकाराने सुटले होते. आज जनुकक्रमाची माहिती, साथीच्या रोगांची प्रारूपे, औषधांच्या चाचण्यांची संख्याशास्त्रीय पारख हे सगळे त्याच दिशेने आणखी पुढे गेले आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप ओझ्याचा आहे. चारही विषय घेऊन नीटची तयारी करायची तर मूल झोपणार कधी, असे आई-वडील विचारतात आणि ती काळजी खरी आहे. पण आपल्या बारावीची रचना नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. सर्वसाधारण विज्ञान शाखेत दोन भाषा आणि चार वैकल्पिक विषय असतात. गणित सोडले म्हणून विषयांची संख्या घटत नाही. त्या जागी भूगोल, मानसशास्त्र किंवा असाच दुसरा विषय येतो. म्हणजे खुर्ची रिकामी राहत नाही, तिच्यावर कोण बसणार एवढाच प्रश्न असतो. भूगोल आणि मानसशास्त्र हे मोलाचे विषय आहेत, आवडीने घेतले तर उत्तमच; पण ‘कमी अभ्यासात गुण मिळतात’ म्हणून घेतले तर दोन्ही बाजूंनी तोटा. गणित अधिक कष्टाचे आहे हे मी नाकारत नाही. त्याचे गुण मात्र नीटच्या पात्रतेत धरले जात नाहीत. त्यामुळे नीट देणाऱ्या मुलीला गणितात नव्वद मिळवण्याची गरज नाही. साठ मिळवूनही तिचे भौतिकशास्त्र सुधारते आणि दार उघडे राहते. विषय घ्यायचा तर त्यात अव्वलच यायला हवे, हा आपला आग्रह खऱ्या ओझ्यात मोठी भर घालतो.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. दहावीपर्यंतच्या गणिताने अनेक मुलांना इतके दुखावलेले असते की सोडता येणे हीच त्यांना सुटका वाटते. अशा मुलावर अकरावीचे संपूर्ण गणित लादावे असे मी म्हणणार नाही. पण आपण त्याला दोनच पर्याय देतो, सगळे किंवा काहीच नाही. मधली पायरी का नाही? ही कल्पना नवी नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे असावे असे सांगतानाच अधिक क्षमतेच्या मुलांसाठी प्रगत अभ्यासक्रमाची सोयही सुचवली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात गणितापासून सुरुवात करून सर्व विषय दोन स्तरांवर देता येतील असे म्हटले आहे. सीबीएसईने त्याच्याही आधी, २०१९-२० पासून, दहावीला ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका आणल्या. मात्र तिथे अभ्यासक्रम एकच राहिला, फक्त पेपर सोपा झाला. त्यामुळे स्तर म्हणजे शिकण्याचा वेगळा मार्ग न होता मुलाच्या कपाळावरचा शिक्का होण्याचा धोका तयार झाला. खरा स्तर तो, ज्यात शिकवायचे वेगळे निवडलेले असते. जीवशास्त्राकडे जाणाऱ्या मुलासाठी संभाव्यता, संख्याशास्त्र, आलेखवाचन, घातांक आणि लॉगरिदम, बदलाचा दर म्हणून अवकलनाची सरळ ओळख एवढे शंभर गुणांचे गणित बसवता येईल. शांकव छेद आणि अवघड समाकलनाच्या युक्त्या त्यात नसल्या तरी चालेल. रुग्णाचा अहवाल वाचणाऱ्या, औषधाची मात्रा ठरवणाऱ्या, पीकविम्याचे किंवा रोगप्रसाराचे आकडे हाताळणाऱ्या माणसाला पहिले लागते, दुसरे क्वचित.

स्तर केले की खालचा स्तर गरिबांच्या आणि खेड्यांतल्या मुलांच्या वाट्याला येतो, असा इशारा दिला जातो. जगभरचा अनुभव पाहता तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण आजची स्थिती याहून बरी आहे का? तालुक्याच्या अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत गणिताचा पूर्णवेळ शिक्षक नसतो, आणि जीवशास्त्राच्या तुकडीचे वेळापत्रकच असे लावलेले असते की गणिताच्या तासाला त्या मुलांचे प्रात्यक्षिक असते. तिथे मुलाने गणित सोडलेले नसते, त्याच्यापासून ते काढून घेतलेले असते, आणि प्रवेशअर्जावर मात्र ती त्याची निवड म्हणून नोंदली जाते. खालचा स्तर अपमानाचा होऊ नये यासाठी एक अट पुरेशी कडक आहे: वर्षाच्या शेवटी खालून वर जायचे दार उघडे असले पाहिजे, आणि ते ओलांडायला लागणारी शिकवणी महाविद्यालयाने दिली पाहिजे. अकरावी आणि बारावीच्या मधल्या सुट्टीत सहा आठवडे रोज दोन तास. हे खर्चिक नाही. त्याला शासननिर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही; वेळापत्रक करणारा उपप्राचार्य आणि एक तयारीचा गणितशिक्षक एवढ्यावर येत्या जूनपासून ते सुरू होऊ शकते. त्याआधी अर्जाच्या खिडकीपाशी बसणाऱ्या लिपिकाने ‘बायो ग्रुप ना? मग मॅथ्स कशाला?’ असे विचारणे थांबवले, तरी काही मुली तो रकाना भरताना थांबतील आणि घरी जाऊन पुन्हा बोलतील.