दिव्याजवळ आलेला पतंग

धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळ, बालाघाटाच्या डोंगररांगेत, 1997 साली घोषित झालेले रामलिंग घाट अभयारण्य आहे. त्या रानाच्या कडेला हरभऱ्याच्या एका शेतात गेल्या डिसेंबरात मी रात्र काढली. बांधावर प्रकाश सापळा होता : एक दिवा आणि त्याखाली साबणाच्या पाण्याची पसरट पाटी. सकाळी पाण्यावर घाटेअळीचे मातकट पतंग तरंगत होते. त्यांच्यातच नखाएवढा, करडा, पंखावर बारीक रुपेरी रेघ असलेला एक निराळा पतंग होता. शेताचे मालक अण्णा यांनी तसा कधी पाहिला नव्हता. "रानातला असंल," एवढेच म्हणून त्यांनी पाणी ओतून दिले.

अण्णांना दोष देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. घाटेअळीची एक मादी शेकडो अंडी घालते. अळी घाट्यात डोके खुपसून दाणा खाते आणि एका घाट्यावर थांबत नाही. गव्हातील निदणाच्या दाखल्यातल्या धन्याला कापणीपर्यंत धीर धरता आला. हरभऱ्याच्या धन्याला ती सवलत नाही. तेव्हा मारावे की मारू नये, हा येथे प्रश्नच नव्हे. आपण कोणाला मारतो हे पाहण्याची जबाबदारी मारणाऱ्यावर किती, हा खरा प्रश्न.

दिवा निवड करीत नाही. मावा खाऊन पिकाला राखणाऱ्या क्रायसोपाच्या जातीही त्याच्याकडे ओढल्या जातात. म्हणून तो रात्रीचे पहिले काही तासच लावावा, असे जाणकार सांगतात. कामगंध सापळा मात्र निवड करतो. त्यातली कुपी मादीच्या गंधाने प्रामुख्याने एकाच जातीच्या नरांना बोलावते. (ही फसवणूकच, पण ज्याच्याशी वैर, निदान त्याचीच.)

इंग्लंडातील पाइनच्या वनांत हौशी निरीक्षकही दिवा लावतात. ते पेटीत अंड्यांचे पुठ्ठे ठेवतात आणि त्यांत दडलेल्या पतंगांची नावे सकाळी टिपून त्यांना सोडून देतात. त्यांची भाकरी त्या वनावर अवलंबून नसते, हे विसरू नये. तरीही त्या मोजणीचा मला हेवा वाटतो. ज्याला मारले त्याचे नावही ठाऊक नसणे, हे अज्ञान निरपराध आहे काय? पतंग उपयोगी असेल म्हणून राखावा, असे मी म्हणणार नाही; उपयोग सिद्ध करण्याची अट आपण घरातल्या वृद्धांनाही घालत नाही.

यंदा दिवा रात्री दहाला विझवण्याचे अण्णांनी कबूल केले आहे. "मला झोप लागली, तर उठवायला तुम्ही येणार का?" असेही त्यांनी विचारले.