डोंगर फुटेपर्यंत बाकीचे काय करत होते?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गास आम्ही दशरथ मांझी यांची गोष्ट सांगत होतो. धडा चिकाटीवर होता, आणि चिकाटीचे याहून ठळक उदाहरण आम्हांस सुचले नाही. गोष्ट बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. बिहारमध्ये गया जिल्ह्यात गेहलौर नावाचे खेडे आहे. तेथे मुसहर समाजातील हा मजूर राहत असे. गाव आणि दवाखाना यांच्यामध्ये डोंगर आडवा होता. वेळेवर औषधोपचार न मिळाल्याने त्यांची पत्नी फाल्गुनीदेवी वारली. मग १९६० साली या माणसाने छिन्नी आणि हातोडा घेतला आणि तो एकटा डोंगर फोडू लागला. १९८२ साली वाट मोकळी झाली. ती सुमारे ३६० फूट लांब आहे. अत्री आणि वझीरगंज यांच्यामधील ५५ किलोमीटरांचा फेरा तिच्यामुळे १५ किलोमीटरांवर आला.

मुले तल्लीन होऊन ऐकत होती. आम्हीही रंगात आलो होतो. इतक्यात मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला. आम्हांस वाटले, हातोडा किती वजनाचा होता असे काहीतरी विचारील. त्याने विचारले, "सर, बावीस वर्षं बाकीचे लोक काय करत होते?"

"हसत होते. वेडा म्हणत होते," आम्ही म्हणालो. वर्ग हसला. मुलगा हसला नाही. घंटा झाली आणि आम्ही सुटलो. त्या क्षणी सुटलो असेच वाटले, हे येथे कबूल करतो.

हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला आहे. साध्या माणसांनी केलेल्या मोठ्या कामांच्या गोष्टी आपण मंडळीत सांगतो, शाळेत सांगतो, वाढदिवसाच्या आणि सेवानिवृत्तीच्या भाषणांत सांगतो. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. परंतु पाणावलेल्या डोळ्यांनी माणूस घरी जातो आणि जेवतो. दुसऱ्या दिवशी जग होते तसेच असते. तेव्हा या गोष्टींनी आपल्याला प्रेरणा मिळते म्हणजे नेमके काय मिळते?

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. काम सुरू असते तोवर तो 'साधा माणूस' असतो. काम पुरे झाले की तो 'देवमाणूस' होतो. पहिल्या शब्दाने आपण म्हणतो, याच्याकडे काय लक्ष द्यायचे. दुसऱ्याने म्हणतो, याची बरोबरी आपल्याला कशी व्हायची! दोन्ही वेळा आपण मोकळे. देवमाणूस हा शब्द आम्ही स्वतः अनेकदा वापरला आहे आणि प्रत्येक वेळी तो मनापासून वापरला आहे. त्यात खोटेपणा नसतो. पण माणसाला उंच चौथऱ्यावर बसवले की त्याच्या शेजारी उभे राहण्याची जागाच उरत नाही, हेही खरे.

मंगळूरकडील हरेकळा हाजब्बा यांची हकीकत घ्या. हे गृहस्थ मंगळूरच्या बसस्थानकाजवळ टोपलीतून संत्री विकत. शाळा त्यांना मिळाली नव्हती. तुळू आणि ब्यारी एवढ्याच भाषा येत. १९७८ साली एका परदेशी जोडप्याने त्यांना संत्र्याचा भाव इंग्रजीत विचारला. यांना तो कळला नाही, उत्तर देता आले नाही, आणि गिऱ्हाईक निघून गेले. एवढीच घटना. बाजारात अशा घटना रोज घडतात.

येथे थोडे थांबावे असे वाटते, कारण त्या क्षणाची चव आम्हां बेळगावकडील मराठी माणसांस अपरिचित नाही. आम्ही दहाबारा वर्षांचे असताना वडिलांबरोबर एका कचेरीच्या खिडकीपाशी उभे होतो. अर्ज कानडीत होता. खिडकीपलीकडील मनुष्य काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होता आणि वडिलांना उमगत नव्हते. मागे रांगेत कोणीतरी हसले. वडिलांनी कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि घरी येईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. ही गोष्ट आम्ही आजवर कितीतरी वेळा सांगितली आहे. तिच्यातून आम्हांस राग मिळाला, आणि खरे सांगायचे तर त्या रागाचा थोडा अभिमानही मिळाला. पुढे आम्ही कानडी वाचायला शिकलो. आमचे काम अडेनासे झाले. परंतु तशाच खिडकीपाशी अर्ज हातात धरून अडलेल्या दुसऱ्या एखाद्या म्हाताऱ्याचा अर्ज भरून द्यावा, हे मात्र आम्हांस कधी सुचले नाही.

हाजब्बांना सुचले. अपमान झालेला माणूस साधारणपणे दोन गोष्टी करतो. एक तर तो मनात धरतो, नाहीतर स्वतः शिकून पुढे जातो. यात दुसरी गोष्ट वाईट नव्हे, उलट स्तुत्यच. पण या माणसाने तिसरीच गोष्ट केली. आपल्या गावच्या मुलांवर ही पाळी येऊ नये असे त्यांनी ठरवले. न्यूपडपू या त्यांच्या गावात शाळा नव्हती. संत्री विकून दिवसाला हाती पडणाऱ्या थोड्याशा रुपयांतून पैसा बाजूला पडू लागला. कचेऱ्यांत अर्ज गेले, खेटे झाले. १९७८ साली सल लागली आणि २००० साली मदरशाच्या जागेत २८ मुलांची शाळा उभी राहिली. येथेही बावीसच वर्षे! पुढे स्वतःची जमीन आणि इमारत झाली, वर्ग वाढत दहावीपर्यंत गेले. बक्षिसांची रक्कम आली तीही शाळेकडेच गेली. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ते रेशनच्या दुकानापाशी रांगेत उभे होते, असे वर्तमानपत्रांत आले होते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हातून पदक स्वीकारायला ते अनवाणी गेले. ते छायाचित्र सर्वांनी पाहिले, आणि आम्हांस भय वाटते ते त्याचेच. अनवाणी पाय तेवढे लक्षात राहतील आणि बावीस वर्षांचे खेटे विसरले जातील.

याच ठिकाणी विचारी वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. रस्ता करणे हे सरकारचे काम. शाळा काढणे हेही सरकारचे काम. गरिबाने स्वतःचे हाड झिजवून ते केले आणि आपण टाळ्या वाजवल्या, तर ज्यांनी ते करायला हवे होते त्यांना आपण सोडून दिले असे होत नाही काय? होते. मांझींची गोष्ट आम्ही जशी सांगत आलो तशी सांगितली तर नक्कीच होते. गावाला डोंगर फोडायला एका विधुराची बावीस वर्षे लागावीत ही आधी लाजेची गोष्ट आहे, अभिमानाची मागाहून. मुलांना ती सांगताना लाज गाळून फक्त अभिमान सांगणे म्हणजे अर्धे सांगणे.

परंतु हाजब्बांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्यांची शाळा ही त्यांची खाजगी शाळा नाही. ती सरकारी शाळा आहे. त्यांनी सरकारला बाजूला सारले नाही, त्याचा पिच्छा पुरवला. स्वतःचे पैसे घालणे आणि दुसऱ्याला त्याच्या कर्तव्याची आठवण करीत राहणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी करता येतात. आपल्यापैकी पुष्कळांना यांतील एकच जमते. आम्हांस दुसरी जमते, म्हणजे आठवण करून देणे. स्वतःचे पैसे घालणे कमी जमते.

दुसरा आक्षेप घरातला आहे. प्रत्येकाने हातोडा घेतला तर संसार कोणी चालवायचा? मुलांची फी आहे, घरात आजारी माणूस आहे, नोकरी आहे. यावर कोणी प्रवचनकाराने उसळून बोलू नये. बावीस वर्षे डोंगर फोडणे हे प्रत्येकाचे कर्तव्य नाही, आणि तसे कोणी सांगितले तर ते क्रूर होईल. मग आपल्या वाट्याला काय येते? हसणाऱ्यांत उभे राहणे आणि फोडणाऱ्यांत उभे राहणे यांच्यामध्ये काहीच नाही काय?

याचे उत्तर आम्हांस उशिरा सापडले. त्या मुलाच्या प्रश्नामुळे मांझींविषयी पुन्हा वाचावयास बसलो, तेव्हा त्यांनी स्वतः सांगून ठेवलेली एक गोष्ट दिसली. आधी आम्ही ती वाचूनही सोडून दिली असावी. प्रथम बहुतेकांनी टोमणे मारले, पण पुढे काहीजण जेवण देऊ लागले, हत्यारे घ्यायलाही मदत करू लागले, असे ते म्हणत. म्हणजे बावीस वर्षे बाकीचे सर्वच हसत नव्हते. कोणीतरी भाकरी आणत होते. कोणीतरी नव्या छिन्नीसाठी चार पैसे देत होते. त्या लोकांची नावे कोणाला माहीत नाहीत. चित्रपट निघाला, पण तो मांझींवर निघाला. हाजब्बांच्या २८ मुलांनाही बसायला कोणीतरी मदरशाची जागा दिलीच की. वर्गाला दिलेले आमचे उत्तर चुकीचे होते. पुढच्या रविवारी आम्ही ते दुरुस्त केले. मुलगा म्हणाला, "मग त्यांची पण गोष्ट सांगा." सांगण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथा आहे. तिच्या तोंडचे एकही वाक्य तेथे नाही. ती गेल्यावर विधवा रडत आल्या आणि तिने शिवलेले कपडे दाखवू लागल्या, एवढ्यावरून ती आपल्याला कळते. आम्ही या भागावर दोनदा बोललो आहोत, आणि दोन्ही वेळा टबीथेवरच बोललो. कापड कोठून येत होते, दिवा लागल्यावर तिच्याजवळ बसून टाके कोण घालीत होते, हे विचारण्याचे मनात आले नाही. लूकने ते लिहिलेले नाही हे खरे. पण कपडे पुष्कळ होते.

आता आमच्याच मंडळीतले सांगून थांबतो. आमच्याकडे एक आक्का आहेत. वय सत्तरीच्या पुढे. मंदिर झाडणे, सतरंज्या घालणे, प्रभुभोजनाचे प्याले धुणे, मागच्या आडावरून पाणी आणून घागर भरून ठेवणे, हे त्या तीस वर्षांवर करीत आहेत. कोणी नेमले नव्हते, पगार नाही. गेल्या वर्षी आम्ही पंचांपुढे त्यांच्या सत्काराचा ठराव मांडला. शाल आणि नारळ दिला. भाषण आम्हीच केले, आणि चांगले झाले असे लोक म्हणाले. भाषणात 'देवमाणूस' हा शब्द होता.

कार्यक्रम झाल्यावर आक्का शाल हातावर घेऊन आमच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "सर, शाल बरी हाय. पण गुडघं चालंनात आता. पाणी भरायला एक कोणतर बघा की."

"बघतो आक्का," आम्ही म्हणालो. पुढच्या सभेत विषय काढला. तरुणसंघाने करावे असे ठरले. तरुणसंघाच्या परीक्षा होत्या. मग नाताळ आला. मग ते राहिले. आक्का पाणी भरत होत्या, एक घागर दोन खेपांत, अर्धी अर्धी.

त्या मुलाने प्रश्न विचारला त्याच्या तिसऱ्या रविवारी आम्ही सव्वासातला मंदिरात गेलो. आक्का पायरीवर बसल्या होत्या. आम्ही घागर उचलली, आडावर गेलो, कळशीने पाणी काढून ओतू लागलो. मागून आक्कांचा आवाज आला. घागरीच्या तोंडावर आधी फडके धरायचे असते, नाहीतर पाचोळा आत जातो. आणि फडके प्याल्यांच्या कपाटाच्या मागे खिळ्याला असते. तीस वर्षे आम्ही त्या मंदिरात येत आहोत. तो खिळा आम्हांस माहीत नव्हता.