भूगर्भातली ठेव

नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या जमिनीखाली बेसाल्टचा काळा खडक आहे; तेलाचे क्षेत्र नाही. तरी भूगर्भात हायड्रोजन साठवण्याचा प्रश्न या गावाला परका नाही. शेजारच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि पश्चिमेला, सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर, अंकलेश्वरचे तेलक्षेत्र १९६१ पासून उपसले जात आहे. वारा पावसाळ्यात जोर धरतो, विजेची ओढ मात्र चैत्र-वैशाखात. तेव्हा पावसाळ्यातल्या जादा विजेने पाण्यातून हायड्रोजन काढावा, उपसलेल्या खडकाच्या छिद्रांत दाबून ठेवावा आणि उन्हाळ्यात परत घ्यावा, हा विचार पुढे येणारच. ऑस्ट्रियात एका रिकाम्या वायुक्षेत्रात त्याची चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. प्रश्न असा की तेल काढून घेतल्यावर उरलेली ती पोकळी कोणाची? माझ्या मते ती बेवारस जागा नाही. तिथे जे ठेवायचे ते ठेव म्हणूनच ठेवले पाहिजे, आणि ठेवीचा धर्म आपल्याकडे फार पूर्वी मांडलेला आहे.

मनूच्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे वादाच्या विषयांत, ऋणादानानंतर लगेच निक्षेप, म्हणजे ठेव, येतो. याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधीचे, म्हणजे ठेवीचेच, वेगळे प्रकरण आहे. ठेव दिली तशी परत करावी. राजाने, दैवाने वा चोराने नेली तर राखणाऱ्याला दोष नाही; पण मागूनही दिली नाही किंवा परस्पर वापरली, तर भरपाई आणि दंड. इथली खरी मेख ‘दैव’ कशाला म्हणायचे यात आहे. चेकोस्लोव्हाकियात लोबोदित्से येथे जमिनीखाली साठवलेल्या कोळसा-वायूत निम्म्याच्या आसपास हायड्रोजन होता. सूक्ष्मजीवांनी त्यातल्या बऱ्याच भागाचा मिथेन करून टाकला. जुन्या तेलविहिरींचे सिमेंट तडकते आणि हायड्रोजनचा रेणू अतिशय लहान असल्याने तो फटींतून निसटू शकतो, हेही ठाऊक आहे. जे आधी ठाऊक आहे ते दैव नव्हे. त्याचा भार ठेव राखणाऱ्यानेच उचलायचा.

स्मृतींनी जातीप्रमाणे दंड सांगितले, मग त्यांचा आधार कशाला, हा आक्षेप रास्त आहे. तो भाग टाकूनच द्यावा. नवापूर तालुक्यातल्या मावची, कोकणी, भिल्ल माणसाला या ग्रंथांची गरजही नाही. डोंगराला देव मानणाऱ्याला डोंगर आपल्या मालकीचा वाटत नाही, आणि चिंचपाड्याच्या ख्रिस्ती घरांत माणूस हा सृष्टीचा कारभारी अशीच शिकवण आहे. भूमातेच्या पोटात हात घालूच नये, असे म्हणणाऱ्यांची भावना मला समजते. पण पोट आधीच उपसले गेले आहे, आणि काही न केल्याने कोळसा जळायचा थांबत नाही. सर्वांत जड आक्षेप वेगळाच: हवामानाचे संकट साऱ्या जगाचे, मग वरच्या चार गावांची संमती कशाला? हाच युक्तिवाद उकाई धरणाच्या वेळीही होता. १९७२ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या धरणाच्या पाण्यात नवापूर भागातलीही जमीन गेली. गरज मोठी असली म्हणून दुसऱ्याची वस्तू न विचारता ठेवायला वा घ्यायला मिळत नाही. उलट गरज जेवढी मोठी तेवढे विचारणे अधिक काटेकोर हवे.

म्हणून असा प्रकल्प कुठेही येवो, पहिला वायू खाली जाण्याआधी वरच्या गावांच्या ग्रामसभांची संमती घ्यावी, प्रत्येक जुनी तेलविहीर तपासून बंद करावी आणि नुकसानभरपाईचा पैसा आधीच बाजूला काढून ठेवावा. यांतली एक जरी गोष्ट होणार नसेल, तर ग्रामसभांनी नाही म्हणावे.