नावाखालचे चित्र

१९१० साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात समुद्रावरच्या सूर्यास्ताचे एक चित्र लागले होते. चित्रकाराचे नाव बोरोनाली. इटलीतला कुणी नव्या पंथाचा चित्रकार असावा अशी समजूत होती. त्याच्या नावाने एक जाहीरनामाही निघाला होता. पुढे उघडकीस आले की, हे चित्र लोलो नावाच्या गाढवाने काढले आहे! रोलाँ दोर्जलेस नावाच्या लेखकाने व त्याच्या मित्रांनी गाढवाच्या शेपटीला कुंचला बांधला होता. त्याला खाऊ दाखवावा, आनंदाने शेपटी हलावी आणि कॅनव्हास रंगावा, अशी ती युक्ती. पुढे कुणी शंका घेऊ नये म्हणून कोर्टाच्या अंमलदाराला साक्षीलाही उभे केले होते.

कुणी नामांकित नट, खेळाडू किंवा पुढारी कुंचला हाती धरतो आणि त्याच्या प्रदर्शनाला झुंबड उडते, तेव्हा मला या लोलोची आठवण होते. व्यंगचित्रकार अशा हौशी कलावंतांची टर उडवतात आणि आपण पोट धरून हसतो. पण त्या थट्टेचा रोख कुणावर असतो? लोलोने कुणाला फसवले नव्हते. त्या बिचाऱ्याचे लक्ष खाऊवर होते. फसले ते चित्राआधी नाव वाचणारे.

हे मी दुसऱ्याला शिकवण्यासाठी लिहीत नाही. माझीच एक गोष्ट सांगतो. धुळ्याचे एक चित्रकलेचे शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. नोकरीची सारी वर्षे मुलांच्या वह्यांतले पेरू आणि फुलदाण्या तपासून उरलेल्या वेळात त्यांनी पांझरेचे पूर आणि तापीकाठच्या केळीच्या बागा रंगवल्या. जळगावात त्यांनी प्रदर्शन भरवले तेव्हा मी गेलो, घड्याळ पाहिले, "छान आहे हो सर," म्हणालो आणि पाच मिनिटांत बाहेर पडलो. पुढे एकदा मुंबईस आम्ही दोघे एका प्रसिद्ध नटाच्या चित्रांचे प्रदर्शन पाहायला गेलो. एका निळ्या चित्रापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. "काय खोली आहे पाहा सर!" मी म्हणालो. सरांनी हातातले माहितीपत्रक चित्राच्या कोपऱ्यावर, सहीच्या समोर धरले आणि शांतपणे म्हणाले, "आता बघा बरं."

मी पाहिले. निळा रंग होता. दुसरे काही दिसेना.

म्हणून काय मोठ्या माणसांनी चित्रे काढूच नयेत? असे म्हणणे अन्यायाचे होईल. रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन १९३० साली पॅरिसला भरले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्या चित्रांवाचून आपली कला दरिद्री राहिली असती. चर्चिलने राजकारणात पडता काळ आल्यावर चाळिशीत कुंचला धरला, आणि १९४७ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीकडे चित्रे पाठवली ती डेव्हिड विंटर या खोट्या नावाने. ती स्वीकारली गेली. साऱ्या जगाला ठाऊक असलेले नाव त्या माणसाने दाराबाहेर ठेवले, हे मला त्याच्या चित्रांहूनही थोर वाटते. आपल्याकडे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी सबंध रामायण चित्रांत उतरवले. पण त्यांची खरी थोरवी अशी की, १९३८ साली त्यांनी औंधच्या टेकडीवर संग्रहालय उभारले आणि तिथे इतरांच्या कलेला जागा दिली. मला वाटते, कसोटी हीच असावी. नामांकित माणसाला कुंचला धरण्याचा अधिकार तुमच्या-आमच्याइतकाच आहे. प्रश्न एवढाच, की तो दुसऱ्याला भिंत देतो, की दुसऱ्याची भिंत अडवतो? कारण भिंती मोजक्या असतात, आणि पाहणाऱ्याचा वेळ त्याहून मोजका.

आमच्या खानदेशात तर नाव मागून आले, अशीच माणसे होऊन गेली. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्यांना ओव्या सुचत. घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण ते नाव गाण्यांनी मिळवले, गाणी नावाने चालली नाहीत. चाळीसगावचे केकी मूस तर आयुष्याचा मोठा भाग घराबाहेर पडले नाहीत. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाश खेळवून ते देखावे उभे करीत आणि त्यांची छायाचित्रे घेत. छायाचित्रे देशोदेशी जात, बक्षिसे मिळवीत. छायाचित्रकार घरातच राही. १९८९ साली ते गेले. धुळ्याची गाडी पकडण्यासाठी चाळीसगावला गाडी बदलणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर असा माणूस राहत होता?

आणि जळगावहून मोटारीने दीड-दोन तासांवर अजिंठा आहे. तिथल्या चित्रकारांची नावे आपल्याला कुणी सांगू शकत नाही. नाव आहे ते एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे, जॉन स्मिथचे. वाघाच्या शिकारीस आलेल्या या गृहस्थाने दहाव्या लेण्यात प्राचीन चित्रावर आपले नाव कोरले आणि खाली तारीख घातली : २८ एप्रिल १८१९. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग होता. त्यावर उभा राहून त्याने ते कोरले, म्हणून आज ते डोक्याहून उंच दिसते. वाटाडे ते आवर्जून दाखवतात आणि आपण माना उंचावून पाहतो. आधी नाव, मग, वेळ उरलाच तर, त्याखालचे चित्र. मी स्मिथला फार दिवस नावे ठेवीत असे. मुंबईच्या त्या दिवसानंतर ठेवीत नाही. त्याने चित्रावर एकदाच नाव कोरले. आपण तर प्रत्येक चित्रावर आपल्या डोळ्यांनी कुणाचे ना कुणाचे नाव कोरीत असतो.

दिवाळीत दारोदारी रांगोळ्या पडतात. त्यांखाली कुणी सही करीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पावलांनी त्या पुसल्या जातात. तरी आपण जाता जाता थांबतो, "वा!" म्हणतो, आणि मग विचारतो, "कुणी काढली?" हा क्रम आपल्याला मुळात ठाऊक आहे. घराच्या उंबऱ्याबाहेर पडलो की आपण तो विसरतो.

या सुटीत मी धुळ्याला जाणार आहे. सरांची केळीची चित्रे तिथेच आहेत. न विकली गेलेली चित्रे घरातच असतात. तसे पत्र त्यांना टाकले आहे. या वेळी घड्याळ घरी ठेवून जाईन.